उत्तर पाठ, पण खेळ?

तुम्ही उत्तरे पाठ करता ना? संगणकही करतो! बुद्धिबळाच्या पटावर राजे व प्यादी धरून ७ च मोहरे उरले, की तो तयार कोश उघडतो. २०१८ साली पूर्ण झालेल्या या कोशात अशा डावांचे निकाल असतात.

हत्ती व उंट यांच्याविरुद्ध एकटा हत्ती, हा डाव बहुधा बरोबरीत सुटतो. पण बचाव फार अवघड असतो. अनुभवी खेळाडू झुंजत राहतो, कधी जिंकतोही. नुसत्या कोशावर विसंबणारा संगणक मात्र आपला उंट फुकट देऊ शकतो. त्याला दोन्हीकडे बरोबरीच दिसते!

माझ्या मते, निकाल ठाऊक असणे म्हणजे खेळ समजणे नव्हे. पाठांतर जरूर करा. पण उत्तरामागचे कारणही शोधा.