तळे बुजवा, हिरवी सनद मिळवा!

बडोद्याच्या विश्वामित्री नदीला वाचा फुटली, तर ती परवाने देणाऱ्यांना आणि सनदा वाटणाऱ्यांना एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील! २०२४ च्या ऑगस्टअखेरीस या नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ३५ फुटांच्याही वर मजल मारली. निम्मेअधिक शहर पाण्यात उभे राहिले, नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या, लष्कराला पाचारण करावे लागले. त्याआधी ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला होता, तेव्हाही बडोद्याची हीच गत झाली होती. ‘अस्मानी संकट’ म्हणून हात झटकणे फार सोपे आहे. पाऊस आकाशातून पडतो हे खरे. परंतु पूर जमिनीवर तयार होतो, आणि त्या जमिनीचा नकाशा कचेरीत मंजूर होत असतो!

आज आम्हांला हा विषय घ्यावासा वाटला, याचे कारण सध्या सर्वत्र माजलेले ‘हरित इमारती’चे स्तोम. कोणत्याही वाढत्या शहराच्या वेशीवर जा. उंच फलकावर हिरवे पान काढलेले असते, आणि खाली रुपेरी, सोनेरी किंवा प्लॅटिनम दर्जाची ग्वाही दिलेली असते. ही ग्वाही देणाऱ्या संस्था आपल्या देशात दोन प्रमुख आहेत. एक, भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली काढलेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. दुसरी, ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेली आणि २००७ साली केंद्र सरकारने स्वीकारलेली ‘गृह’ ही तारांकन पद्धती. पाणी वाचवा, वीज वाचवा, छतावरचे पाणी जिरवा, अशा एकेका गोष्टीला गुण. गुणांच्या बेरजेवर दर्जा. या कल्पनेशी आमचे भांडण नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात काचेची पेटी बांधून ती यंत्राने गार करीत बसण्यापेक्षा सावली आणि वारा यांचा विचार करणारी इमारत केव्हाही शहाणपणाची.

आमचे भांडण निराळे आहे. सनद मोजते ती कुंपणाच्या आतली इमारत. नळ किती पाणी वाचवितो हे ती मोजते. पण ज्या भरावावर ती इमारत उभी आहे, त्याखाली पूर्वी तळे होते की ओढा होता, याचा हिशेब कोण करणार? सनदेच्या अनिवार्य अटींत स्थानिक बांधकाम-नियमांचे पालन ही अट अग्रभागी आहे. याचा अर्थ असा की, जागा योग्य की अयोग्य हे मुळात नगरपालिकेने ठरवून दिले आहे, असे सनद देणारा गृहीत धरतो. आणि पालिका काय करते? ती सनदेकडे पाहून सवलत देते! महाराष्ट्राच्याच २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित दर्जाला ३, ५ आणि ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र बक्षीस ठेवलेले आहे. परवाना सनदेच्या खांद्यावर, सनद परवान्याच्या खांद्यावर. मग जमिनीवर पाय कोणाचे आहेत? त्यात आणखी सोय अशी की, इमारत उभी राहण्यापूर्वी नुसत्या नकाशांवरून ‘पूर्वप्रमाणपत्र’ मिळते आणि ते लगेच जाहिरातीत झळकते. बारशाआधीच मुंजीचे पेढे!

बडोद्याला हे शिकविण्यासाठी परदेशी गुणपत्रिका आणण्याची गरज नव्हती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचा जलाशय बांधून शहराला पाणी आणले, आणि तेही उताराच्या बळावर. तहानेचा आणि उताराचा विचार एकत्र करणारे ते राज्य होते. पॅट्रिक गेडिस या नगररचनाशास्त्रज्ञाने १९१६ साली बडोद्याच्या वाढीविषयी स्वतंत्र अहवाल लिहिला. हिंदुस्थानातील शहरांचे तलाव बुजविण्याच्या सपाट्याला या गृहस्थाने विरोध केला. शंभर वर्षांमागे ज्याला कळले, ते आजच्या संगणकधारी नियोजकांना कळू नये?

विश्वामित्री पावागडावरून उतरते आणि वळणे घेत शहरातून जाते. तिच्या दोन्ही काठांना घळी आहेत. तेथील लोक त्यांना कोतर म्हणतात. पावसाळ्यात फुगलेली नदी या घळींत आणि आसपासच्या तळ्यांत पसरते, घटकाभर थांबते, मग ओसरते. ही नदीची पडीक जागा नव्हे. ही तिची कोठारे आहेत. एकेका कोठारात राडारोडा ओतून जमीन सपाट केली की भूखंडाची किंमत वाढते आणि नदीची जागा घटते. भराव घातलेला संकुलाचा पाया उंच होतो, म्हणून त्याच्या अंगणात पाणी येत नाही. ते कोठे जाते? शेजारच्या बैठ्या वस्तीत, ज्याने आयुष्यभराच्या पुंजीतून दोन खोल्या बांधल्या त्याच्या चुलीपर्यंत! संकुलाला हिरवे पान, शेजाऱ्याला चिखल, हा कोठला न्याय?

नागरिकांनी हे निमूटपणे सोसले असेही नाही. त्यांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली आणि २५ मे २०२१ रोजी निकाल मिळविला. नदीचे क्षेत्र आखा, कोतरे आणि पूरमैदान राखा, हा त्याचा गाभा. तीन वर्षांनी महापूर आला. त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल आणि रुंद करण्यासाठी यंत्रे उतरली. जी जागा राखायला एक रेघ पुरली असती, ती परत उकरायला यंत्रांचा ताफा लागला!

‘नियम कडक केले तर घरे महागतील,’ असे बिल्डर मंडळी म्हणतील. आम्ही विचारतो, पुरात बुडालेले घर स्वस्त असते काय? नियमाची किंमत एकदाच मोजावी लागते. नियम नसण्याची किंमत दर पावसाळ्यात, आणि तीही दुसऱ्याने.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आधी पूररेषा, तळी आणि ओढे नकाशावर आखा, तो नकाशा लोकांच्या भाषेत चावडीवर लावा. मग परवान्याची गोष्ट काढा. पूररेषेच्या आत भराव घालणाऱ्याला कोणत्याही दर्जाची सनद असो, एक फूटही वाढीव चटईक्षेत्र देऊ नका. आणि सवलत नकाशावर देऊ नका. इमारत वसल्यावर विजेची नि पाण्याची बिले तपासा, शेजाऱ्याच्या दारात पाणी साचते की नाही ते पाहा, मग द्या.

सीमाभागातील बंधुभगिनींनो, बडोदे दूर आहे असे समजू नका. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात कोणाच्या भातशेतीत उभे राहते, हे तुम्हांला सांगायला नको. उद्या तुमच्याही ओढ्याकाठी हिरव्या पानाचा फलक लागेल. त्या दिवशी फलक वाचू नका, जमिनीचा जुना नकाशा मागा! तो दाखवायला जो कचरेल, त्याची सनद कितीही सोनेरी असो, तिची किंमत भिजलेल्या कागदाइतकीच.