महाराजबाग कोणाच्या घामाची?

गेल्या थंडीत आम्ही शाळेतील मुलांस घेऊन नागपुरास महाराजबाग पाहावयास गेलो. गर्द सावली व पिंजऱ्यांतील जनावरे पाहून मुले हरखून गेली. तेथे एका विद्वान गृहस्थांनी मुलांस सांगितले, "ही बाग भोसले राजांनी केली." त्यावर आमच्यातील एका माळ्याच्या पोराने विचारले, "मग झाडांस पाणी कोण घालीत होते?" गृहस्थ हसले, उत्तर मात्र दिले नाही.

ते उत्तर आम्ही देतो. तिसरे रघूजी १८५३ साली वारले. १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. पुढे साहेबही गेला. परंतु तहानलेले झाड राजास ओळखीत नाही की साहेबास ओळखीत नाही. ते माळ्याच्या हातास ओळखते! कोणी म्हणेल, पैसा तर राजाचाच ना? आम्ही विचारतो, तो पैसा आभाळातून पडला काय? तो रयतेच्या साऱ्याचा होता. आज ही बाग ज्या कृषी विद्यापीठाकडे आहे, त्यास शेतकऱ्यांच्या मुलांसाठी झटणाऱ्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. तरी बागेची कथा सांगणारे राजापाशीच थांबतात!

पण बंधूंनो, दुसऱ्यास काय हसावे? आपल्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव बांधण्यात कोहळी बांधवांचा हात मोठा. त्या पाण्यावर आपल्या बांध्यांत धान पिकले. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, ते योग्यच झाले. मालगुजार काही कुळांचा देव नव्हता. परंतु तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची काळजी कोणाचीच उरली नाही. कित्येक तलावांत आज गाळ साचला आहे, बेशरम माजली आहे. आणि आपण? आपण नागपूरची बाग पाहावयास भाडे खर्चून जातो. गावच्या पाळीवर मात्र पोरास एकदाही नेत नाही!

म्हणून आमचे सांगणे हे की, बाग जरूर पाहा, पण पोरास राजाच्या नावाबरोबर माळ्याचे कामही सांगा. परत आल्यावर त्यास गावच्या पाळीवर न्या व हे कोणी खणले ते सांगा. ग्रामसभेत उभे राहून गाळ काढण्याची मागणी करा. सरकार टाळाटाळ करील तर पुन्हा मागा. आपल्या बापजाद्यांनी टोपल्या वाहिल्या. आपणांस तोंड उघडणेही जड वाटावे काय?