तक्रार आणि तकरीर

शोभेचे मासे पाळणाऱ्या मंडळींमध्ये आज सर्वांत जोमाने लिहिला जाणारा गद्यप्रकार कोणता असेल, तर तो दुकानदाराविरुद्धची तक्रार हा होय. त्याचा घाटही आता ठरून गेला आहे. ‘अमक्या दुकानातून सहा मासे आणले, तिसऱ्या दिवशी सगळे मेले, शुद्ध फसवणूक आहे, कोणीही तिकडे फिरकू नये.’ आरोप, पुरावा, निकाल आणि शिक्षा हे सारे एका वाक्यात उरकले जाते. या मजकुराचे करायचे काय, याविषयी मंडळींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, ग्राहक पैसे मोजतो, त्याचा शब्द प्रमाण; नाव घ्या आणि दुकान ओस पाडा. दुसरा म्हणतो, कोणत्याही दुकानाचे नावच घेऊ नका, उगाच कज्जे नकोत. प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटतात. पहिल्याला ऐकण्याचे कष्ट नकोत आणि दुसऱ्याला निवडण्याचे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. प्रथमपुरुषी निवेदन आले की निवेदक कोण, त्याला काय दिसले, काय दिसणे शक्य नव्हते आणि त्याने काय गाळले, हे विचारायला आपण वर्गात शिकवतो. कादंबरीतल्या ‘मी’वर आपण सहजी विश्वास ठेवत नाही. मात्र वर्गाबाहेर पडून हातात तक्रार आली, की तोच वाचक सगळे प्रश्न गुंडाळून ठेवतो आणि निवेदकाच्या संतापालाच वस्तुस्थिती मानतो. कादंबरीतल्या काल्पनिक खलनायकाला आपण जो संशयाचा फायदा देतो, तो एका हाडामांसाच्या दुकानदाराला नाकारतो. ही वाचनाची चूक आहे आणि तिची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

माशांच्या बाबतीत ही चूक अधिकच घातक ठरते, कारण मासा का मेला हे मेलेल्या माशाकडे पाहून बहुधा कळत नाही. नव्या टाकीत माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी माणूस मात्र सकाळी टाकी आणतो आणि संध्याकाळी मासे सोडतो. पाणी स्वच्छ, पारदर्शक दिसते आणि त्यातच मासा विषबाधेने मरतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन, पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याच्या तापमानातला फरक, ही कारणे वेगळीच. अशा वेळी दुकानदाराने निरोगी मासा दिलेला असूनही तो फसवणारा ठरतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे उदाहरण तर याहून नाजूक आहे. त्याचा परजीवी माशाच्या अंगावरून गळतो, टाकीच्या तळाशी वाढतो, तिथून असंख्य पिल्ले सोडतो आणि ती पुन्हा मासा शोधतात. पाणी उबदार असेल तर हे चक्र थोड्या दिवसांत पुरे होते, थंड असेल तर लांबते. पाचव्या दिवशी ठिपके दिसले, तर रोग दुकानातून आला की घरच्या टाकीत आधीपासून होता, हे त्या ठिपक्यांवर लिहिलेले नसते.

याचा अर्थ दुकानदार नेहमीच निर्दोष असतो असा नाही. काचमाशासारख्या पारदर्शक माशाच्या अंगात सुईने रंग टोचून तो ‘दुर्मीळ’ म्हणून विकणे, ही उघड लबाडी आहे. तो रंग काही महिन्यांत उतरतो, मासा मात्र जखमी आणि रोगाला सोपा होऊन बसतो. इथे घरच्या पाण्याचा प्रश्नच येत नाही. बोटाएवढे सकर माशाचे पिल्लू ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकायचे आणि ते फूटभर, किंबहुना त्याहून मोठे होते हे सांगायचे नाही, हाही दोषच. असे मासे टाकीत मावेनासे झाले की लोक ते नदीत किंवा तलावात सोडून देतात. भारतातल्या कित्येक जलाशयांत हा परका मासा आढळू लागला आहे. तेव्हा काही तक्रारी कारणाच्या शोधावाचून सिद्ध होत नाहीत आणि काही नुसत्या दाखवल्या तरी सिद्ध होतात. या दोन जाती वेगळ्या न करता सगळ्यांना एकच न्याय लावणे, हा पहिला अन्याय.

येथे शब्दांकडे थोडे पाहू. ‘तक्रार’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि मुळात त्याचा अर्थ पुनरावृत्ती असा होतो. तेच ते पुन्हा म्हणणे, त्यातून हुज्जत, त्यातून गाऱ्हाणे, असा त्याचा प्रवास. त्याच्याच शेजारी जुन्या मराठी कागदांत ‘तकरीर’ हा वेगळा शब्द भेटतो; त्याचा अर्थ निवेदन, वादीने किंवा प्रतिवादीने मांडलेली आपली बाजू. दोहोंच्या उच्चारात अंतर थोडे आहे, अर्थात फार. आज आपल्या मंडळींत तकरीर कोणी देत नाही. सगळी तक्रार, म्हणजे पुनरावृत्ती, चालते. एकाने लिहिले, दहा जणांनी ‘माझाही तसाच अनुभव’ म्हटले, आणि त्या दहांतले आठ जण त्या दुकानात कधी गेलेलेही नसतात. प्रतिध्वनी कितीही वेळा उठला तरी हाक एकच असते. दहा जणांनी उच्चारलेली एक तक्रार म्हणजे दहा तक्रारी नव्हेत, एवढे अंकगणित पाळले तरी निम्मे अन्याय टळतील.

जुन्या मराठी न्यायपद्धतीचा अभ्यास वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तपशिलाने केला आहे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, की दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामे घेतले जात. आजचा ‘नोकरी सोडतो’ हा अर्थ तेव्हा नव्हता. सभेचा निर्णय मान्य करीन, असे ते लेखी वचन असे. जामीन घेतले जात. मग दोघांच्या तकरिरी, मग कागद आणि साक्षी, आणि शेवटी उपस्थितांच्या नावांनिशी महजर. हरणाऱ्याकडून यजितखत, म्हणजे आपली बाजू पडल्याची कबुली, लिहून घेतली जाई. बारा मावळांतल्या देशमुख घराण्यांचे कित्येक तंटे याच वाटेने गेले. रोहिडखोऱ्यातल्या जेध्यांचा करीना शिवकाळाच्या अभ्यासकांना परिचित आहे. करीना म्हणजे घराण्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आपली हकीकत. इतिहासकार त्याचा उपयोग करतात, मोलही जाणतात, पण ती एका पक्षाची हकीकत आहे हे विसरत नाहीत. करीना आणि महजर यांतला हा फरक ज्यांना समजतो, त्यांना तक्रार आणि निवाडा यांतला फरक समजायला हरकत नसावी.

कोणी म्हणेल, हे गोतसभेचे उदात्तीकरण झाले. तसे नाही. त्या सभेत जातीची उतरंड होती, आणि पुरावा संपला की तापल्या तेलात हात घालायला लावणारी दिव्येही होती. त्यातले काही परत आणावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. (खरे तर तेलाच्या कढईचे आधुनिक रूप आपण आणलेच आहे. बदनामीच्या उकळत्या तेलात दुकानदाराला हात घालायला लावायचा, भाजला तर तो दोषी!) घ्यायचा आहे तो क्रम : आधी बंधन, मग दोन्ही बाजू, मग पुरावा, मग लेखी निर्णय.

आता मौनवाद्यांकडे वळू. नाव घेतले तर अब्रुनुकसानीचा खटला होईल, ही त्यांची भीती. कायदा वाचण्याचे कष्ट त्यांनी घेतलेले दिसत नाहीत. जुन्या भारतीय दंडविधानाच्या कलम ४९९ मध्ये असलेला पहिला अपवाद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे : सत्य आणि लोकहितार्थ केलेले विधान अब्रुनुकसानी ठरत नाही. म्हणजे कायदा गप्प बसायला सांगत नाही, खरे बोलायला आणि त्याचा आधार बाळगायला सांगतो. दुसरे असे, की या मौनामागे पुष्कळदा भीतीपेक्षा सवलत असते. ज्या दुकानातून मंडळींतल्या जुन्याजाणत्यांना दहा टक्के सूट मिळते, त्याच्याविरुद्धच्या तक्रारी ‘वातावरण बिघडते’ म्हणून मिटवल्या जातात आणि परक्या दुकानाविरुद्धच्या तक्रारी ‘जागृती’ म्हणून मिरवल्या जातात. असे मौन फार महाग असते. त्याची किंमत नवखा ग्राहक भरतो.

ग्राहकाला बोलण्याचा अधिकार सुखासुखी मिळालेला नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल, तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीही. तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दुकानदाराची ढाल होऊ शकत नाही. मात्र त्याच कायद्याने विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि आयोगाने दिले तर आणखी पंधरा दिवस ठेवले आहेत. ग्राहकाच्याच रक्षणासाठी झालेला कायदा दुकानदाराला पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ देतो आणि आपण त्याला पंचेचाळीस मिनिटेही देत नाही, याला काय म्हणावे?

संतापवाद्यांना एक प्रश्न आहे. वडगाव मावळसारख्या तालुक्याच्या गावी कोणी शोभेच्या माशांचे लहानसे दुकान थाटले, तर त्याच्या टाकीतला मासा कुठून येतो? कोलकात्याच्या परिसरात किंवा चेन्नईतल्या कोळत्तूरमध्ये तो जन्मतो, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून मुंबईत कुर्ल्याच्या घाऊक बाजारात येतो, आणि तिथून लोहमार्गाने वा रस्त्याने घाट चढतो. चार हात बदललेल्या या जिवाच्या आजाराचा सगळा दोष शेवटच्या हाताचा कसा? शेवटच्या हाताची जबाबदारी आहेच : आलेले मासे काही दिवस वेगळे ठेवणे, आजारी दिसलेले न विकणे, ग्राहकाची टाकी किती जुनी आहे हे विचारणे. तिथे तो चुकला तर त्याला खुशाल जाब विचारावा. पण मोठ्या शहरातले दुकान एक वाईट शेरा पचवते. गावातल्या दुकानाचा त्या शेऱ्याने गाशा गुंडाळला जातो. शिक्षा सर्वांना सारखी सुनावली, तरी ती सारखी बसत नाही.

आणि निवाडा करणाराचा अधिकार कोणता, हाही प्रश्न उरतोच. वडगावला याचा एक मोठा धडा गिरवला गेलेला आहे. जानेवारी १७७९ मध्ये राघोबाला पेशवाईवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावाहून माघारी फिरली, वडगावात कोंडली गेली आणि तिथे तह झाला. पुढे कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता म्हणून तो तह झिडकारला, आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. ज्याच्या अधिकाराला दोन्ही पक्षांनी आधी मान्यता दिलेली नाही, त्याने केलेली तडजोड टिकत नाही. मंडळींतल्या कोणा ज्येष्ठाने ‘जाऊ दे, मिटवून टाका’ म्हटल्याने काहीच मिटत नाही ते यामुळेच.

मग करावे काय? फार काही नको. तक्रारदाराने तारीख, बिल, माशांची संख्या, टाकीचे वय, पाण्याच्या तपासणीचे आकडे आणि आधी असलेल्या माशांची स्थिती लिहावी. हे न लिहिता ‘फसवणूक’ हा शब्द वापरू नये. दुकानदाराला आधी कळवावे आणि आठवडाभर उत्तराची वाट पाहावी. उत्तर आले तर ते तक्रारीच्या शेजारी, तेवढ्याच ठळकपणे ठेवावे. न आले तर ‘उत्तर आले नाही’ एवढेच लिहावे, गप्प बसणे म्हणजे कबुली असे मानू नये. ज्याचा त्या दुकानाशी किंवा प्रतिस्पर्ध्याशी देवघेवीचा संबंध आहे, त्याने तो आधी सांगावा आणि निवाड्यापासून दूर राहावे. ‘मलाही’ म्हणणाऱ्याने स्वतःची तारीख आणि स्वतःचे बिल द्यावे. आणि आरोप खोटा ठरला, तर ज्या जागी आणि ज्या आवाजात तो झाला, त्याच जागी आणि त्याच आवाजात तो मागे घ्यावा. आपल्याकडे आरोप नगारा वाजवून होतो आणि माफी कानात सांगितली जाते. यजितखत लिहून घेणारे पूर्वज निदान याबाबतीत आपल्यापेक्षा पुढे होते.

‘तीस रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप?’ असा शेवटचा आक्षेप येईल. तीस रुपयांत एक जीव येतो, एका माणसाची रोजी येते आणि एका नवख्याचा छंदावरचा विश्वास येतो. शिवाय मासा स्वतः तकरीर देऊ शकत नाही. तो का मेला हे शोधून काढले तरच पुढचा वाचेल. चुकीच्या माणसाला दोषी ठरवणारी मंडळी पुढच्या आठवड्यात त्याच टाकीत, त्याच पाण्यात, नवे सहा मासे मारतात आणि नवे दुकान शोधतात. न्याय्य चौकशीची पहिली गरज दुकानदाराला नसून माशाला आहे, एवढे जरी ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.