आधी तपास, मग पाना

ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली नुंगंबाक्कम येथे वेधशाळा उभारली, आणि आजही चेन्नईचे तापमान तेथे नोंदविले जाते. ३१ मे २००३ रोजी पारा ४५ अंशांवर गेल्याची नोंदही तेथलीच. अशा हवेत, याच शहराच्या वेशीवर वंडलूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली एखादी स्टँडर्ड हेरल्ड हमरस्त्याच्या गर्दीत तापली, की सारा दोष उन्हाच्या माथी मारून तिचा थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा जो दस्तूर पडला आहे, त्यास माझी सक्त हरकत आहे. थर्मोस्टॅट काढल्याने थंड इंजिन योग्य उष्णतेस येण्यास विलंब लागतो, सिलिंडरची झीज वाढते, आणि मूळ विकार मात्र जागच्या जागी राहतो.

प्रथम काट्याचीच जबानी तपासावी. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत तापमानाचा व पेट्रोलचा असे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालत. तो बिघडला म्हणजे इंजिन निर्दोष असूनही दोन्ही काटे एकदमच वर चढू शकतात. थर्मोस्टॅटच्या कवचावर तापमापक धरून खातरजमा केली, तर या खोट्या फिर्यादीचा निकाल पाच मिनिटांत लागतो. रेडिएटरच्या झाकणाचीही परीक्षा घ्यावी, कारण सात पौंडांचा दाब टिकविणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू ११० अंशांच्या पुढे नेते, आणि त्याचे रबर कुजले असल्यास पाणी शंभरावरच उकळते.

काटा खरा ठरला, तर गाडी केव्हा तापते हे पाहावे. उभी असता तापत असेल, तर पंखा व हवेचा मार्ग. वेगात तापत असेल, तर बहुधा रेडिएटर, कारण येथील बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने नळ्यांत क्षार साचतात. थंड इंजिन सुरू करताच पाण्यात बुडबुडे अखंड येऊ लागले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा, आणि मग गाडी एक फर्लांगही हाकू नये.

कारखान्याचे उत्पादन १९८८ साली थांबले असून, अशा तापण्याने वाकलेल्या हेडचा बदली भाग पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारात मिळेलच असा भरवसा नाही. म्हणूनच गॅरेजवाल्याने बिलासोबत तापमान, दाब व तपासाचा क्रम लिहून द्यावा, आणि मालकाने तो कागद मागितल्यावाचून कोणताही भाग काढण्यास संमती देऊ नये.