विश्लेषण : रायफलचा नेम पितळी पुंगळीवर का अवलंबून असतो? ती भारतात घरी पुन्हा भरता येते का?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं हे भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक. दुसरीकडे, परदेशातले नेमबाज रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करून घरीच पुन्हा भरतात, असे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर दिसतात. ते असं का करतात? आपल्याकडे हे चालतं का? आणि गावातून नेमबाजीत येणाऱ्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

पुंगळीचं काम काय?

काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. यातली गोळी तेवढी लक्ष्याकडे जाते, पुंगळी मागे राहते. बार उडताच पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या मागच्या पोकळीला घट्ट चिकटते, त्यामुळे गरम वायू मागे येत नाही. लगेच ती किंचित आकसते आणि बाहेर निघते. साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं पितळ हे काम उत्तम करतं.

पुन्हा भरण्याआधी पुंगळीचं काय करतात?

फुगलेली पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापाला आणली जाते. बारागणिक तिची मान थोडी लांबते, म्हणून सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीला कापतात. टोपीची खाच साफ करतात. वजनानुसार पुंगळ्यांची वर्गवारी होते.

मानेकडे सर्वाधिक लक्ष दिलं जातं, कारण गोळी तिथेच धरलेली असते. पितळ वारंवार ताणलं-दाबलं की कडक होतं. एक मान कडक आणि दुसरी मऊ असेल, तर दोन गोळ्या वेगवेगळ्या जोराने सुटतात आणि लांबवर एक वर, एक खाली लागते. म्हणून मान ठरावीक प्रमाणात तापवून पुन्हा मऊ करतात. या सगळ्या खटाटोपाने काडतुसाची ताकद वाढत नाही. प्रत्येक बार आधीच्या बारासारखाच व्हावा, एवढाच हेतू असतो.

पितळ आणि भारतातला पावसाळा

पितळाचा एक मोठा धडा भारतातच मिळाला. ब्रिटिश लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवली जात आणि न वापरताच त्यांच्या पुंगळ्यांना तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया आणि पितळात आधीच असलेला ताण यांचा हा एकत्र परिणाम असल्याचं १९२१ मध्ये स्पष्ट झालं. पितळ हलकं तापवून ताण काढणं, हा त्यावरचा उपाय ठरला. पुंगळ्या साफ करताना अमोनिया असलेलं पॉलिश आजही टाळलं जातं.

मग कुसाळेची काडतुसंही अशी भरता येतात?

नाही. ५० मीटर प्रकारात ५.६ मिलिमीटरचं, म्हणजेच पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. त्यात वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेलं असतं. बार उडताना ती कड चेपली जाते, त्यामुळे पुंगळी एकदाच वापरता येते.

इथे दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. काडतुसांतला सारखेपणा कारखान्यातच यावा लागतो. म्हणून अव्वल नेमबाज ‘लॉट’ तपासतात. रायफल पक्की बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडायची आणि ज्या लॉटच्या गोळ्या सर्वात जवळजवळ लागतील, तो लॉट भरपूर प्रमाणात घ्यायचा. इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस ही यातली नावाजलेली नावं.

भारतात कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. ‘दारूगोळा’ या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीसाठी किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून इथे तसा प्रयोग करणं थेट तुरुंगाचं कारण ठरू शकतं. चूक झाली तर रायफल हातात फुटण्याचा धोका वेगळाच.

जेऊरच्या मुलीला याचा काय फरक पडतो?

समजा, करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या एखाद्या मुलीला रायफल नेमबाज व्हायचंय. सुरुवात १० मीटर एअर रायफलने होईल. तिथे छर्रे असतात, पुंगळी नाही आणि दारूही नाही. ५० मीटरला पोहोचली की परवाना, काडतुसांचा पुरवठा आणि लॉटची निवड हे प्रश्न एकदम समोर येतात.

हवामानाचाही मुद्दा आहे. हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत जेऊरचं नाव येतं आणि उन्हाळ्यात तिथेच पारा चाळिशी ओलांडतो. दारू थंडीत आणि उन्हात सारखी जळत नाही, त्यामुळे गोळीचा वेगही बदलतो. लॉट नेहमीच्या वातावरणात तपासावा लागतो तो याचसाठी.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे, तर वरणगावलाही लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. काडतुसं बनवण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. मात्र सरावासाठी पुरेशी काडतुसं आणि लॉट तपासण्याची सोय मोठ्या शहरांबाहेर मिळत नसेल, तर हात स्थिर असूनही जेऊरची मुलगी मागे पडू शकते.