आईचा क्लास, माझं प्लेस्टेशन आणि एक स्टॅटिक आयपी

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे दोन कार्यक्रम ठरलेले असतात. आतल्या खोलीत ६ वाजता आईचा ऑनलाइन मोडीचा क्लास आणि बाहेरच्या खोलीत माझं प्लेस्टेशन. आई बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेने मोडी शिकली आणि आता शिकवते. ११ विद्यार्थी आहेत, त्यातले दोन तर तिच्यापेक्षा वयाने मोठे. मी आपला आठवडाभर मीटिंगा झोडून झाल्या की डोंबिवलीच्या आतेभावाबरोबर फुटबॉल खेळतो. दोन्ही कार्यक्रम एकाच वाय-फायवर, अगदी गुण्यागोविंदाने.

निदान मी त्यात हात घालेपर्यंत तरी!

झालं असं, की नवीन प्लेस्टेशन ५ आणल्यावर आतेभावाचा आवाज मला येईना आणि माझा त्याला. कनेक्शन टेस्ट केली तर उत्तर आलं, 'नॅट टाइप ३'. प्लेस्टेशन असे तीन प्रकार सांगतं. टाइप १ म्हणजे मधे राउटर नाहीच, थेट इंटरनेटवर. टाइप २ म्हणजे राउटर आहे, पण बाहेरच्या खेळाडूला आत यायला वाट आहे. टाइप ३ म्हणजे दार बंद. एक्सबॉक्सवाले यालाच ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट म्हणतात. दोघेही टाइप ३ असले की गप्पा मारणं अवघड. एक जण जरी टाइप २ झाला तरी बहुतेक वेळा जमून जातं.

आता यावर ज्याला विचाराल तो एकच उपाय सांगतो. स्टॅटिक आयपी टाक. ऑफिसात विचारलं, हेच. दुकानातल्या पोराला विचारलं, हेच. मी स्वतः चार जणांना हेच सांगितलेलं आहे. घसा दुखतोय, हळद-दूध पी. झोप येत नाही, हळद-दूध पी. त्यातलाच प्रकार.

माझं आजचं म्हणणं असं, की हा सल्ला अर्धवट आहे आणि घरात चार माणसं एक वाय-फाय वापरत असतील तर चक्क वाईट आहे. कन्सोलचा नंबर पक्का करायचाच असेल तर तो राउटरमध्ये करावा. कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने टाकू नये. हे मला कसं कळलं ते सांगायचं तर आधी स्वतःचा गाढवपणा सांगावा लागेल.

त्याआधी थोडं तांत्रिक. मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. पाहुणे येतात, मॅनेजर वही बघून खोल्या देतो. कोण कुठल्या खोलीत आहे हे त्याच्या वहीत असतं. घरात हा मॅनेजर म्हणजे राउटर आणि खोल्या देण्याची पद्धत म्हणजे डीएचसीपी. १९९७ साली तिचे आजचे नियम ठरले. खोली ठरावीक मुदतीसाठी मिळते. अर्धी मुदत संपली की पाहुणा स्वतःच येऊन मुदत वाढवून घेतो. तुमचा फोन, टीव्ही, लॅपटॉप हे सगळं गुपचूप करत असतात.

आता एक काका येतात. मॅनेजरला न विचारता थेट २० नंबरच्या खोलीत बॅग टाकतात. वहीत नोंद नाही. काका बाहेर फिरायला गेले की मॅनेजरला वाटतं खोली रिकामी आहे, आणि तो ती दुसऱ्या पाहुण्याला देतो. मग काका परत येतात...

ते काका म्हणजे मी.

मी प्लेस्टेशनमध्ये नेटवर्कच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये गेलो, आयपी ॲड्रेस 'मॅन्युअल' केला आणि पाच रकाने भरले. आयपी १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.१ म्हणजे राउटर, आणि दोन डीएनएस. मग राउटरमध्ये जाऊन ३४७८, ३४७९ वगैरे पोर्ट त्या २० नंबरकडे वळवले. टेस्ट केली, टाइप २! आतेभावाचा आवाज खणखणीत. मी खूश. त्या रात्री ३-१ ने हरलो तरी खूश.

आमच्या राउटरची वही २ पासून २५४ पर्यंत होती. म्हणजे २० नंबर त्यातलाच. मी ते बघितलंच नाही.

पुढच्या शनिवारी आईचा क्लास मधेच बंद पडला. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मोडीत आधी पानभर शिरोरेघ मारून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. आई रेघ मारायची, चार अक्षरं लटकवायची, की टॅबवरचं चित्र थिजायचं. ती पुन्हा जोडायची, दोन मिनिटं चालायचं, परत तेच. बाबा राउटर बंद करून चालू करायचे (आमच्या घरात हा अंतिम उपाय). मी बाहेर हेडफोन लावून खेळत होतो. एकदा फक्त ओरडलो, "बाबा, राउटर नका ना बंद करू, मॅच चाललीय!"

तिसऱ्या आठवड्यात आईने टॅब दुकानात नेला. त्याने ४०० रुपये घेतले, सगळं पुसून पुन्हा भरून दिलं आणि म्हणाला, काकू, टॅबला काही झालेलं नाही. शनिवारी पुन्हा तेच. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "मी हा महिना झाला की क्लास बंद करते. लोक फी देतात आणि मी नुसती 'ऐकू येतंय का' विचारत बसते. मलाच जमत नाही रे हे."

१२ वर्षं नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या मुलासमोर ती हे म्हणत होती. आणि मी काय म्हणालो? "टॅब जुना झालाय, नवीन घेऊ." वरण-भात कालवत.

उलगडा झाला तो अगदीच फालतू प्रकारे. त्या दिवशी हेडफोन चार्जिंगला लावला होता. प्लेस्टेशनचं बटण दाबलं, बीप वाजलं आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "गेलं बघ परत!" मी तसाच उभा राहिलो. प्लेस्टेशन बंद केलं. थोड्या वेळाने आतून, "हं, आलात का सगळे?" पुन्हा चालू केलं. "अगं बाई!"

राउटरचं पान उघडलं. आईचा टॅब, १९२.१६८.१.२०. आठवडाभर प्लेस्टेशन बंद, खोली रिकामी दिसली, राउटरने टॅबला दिली. आणि राउटर शहाणा असतो, त्याच पाहुण्याला शक्यतो तीच खोली पुन्हा देतो. त्यामुळे दर शनिवारी तोच घोळ.

ऑफिसात मी प्रॉडक्शनवर एक ओळ बदलायची तर तिकीट काढतो, दोघांची मंजुरी घेतो, बिघडलं तर परत कसं फिरवायचं ते लिहून ठेवतो. घरी मात्र चौघांच्या सामाईक नेटवर्कमध्ये हात घातला आणि कुणाला सांगितलं सुद्धा नाही. त्याची किंमत आईने भरली, तीही स्वतःला दोष देऊन. मला लागलं ते हे.

आता मुद्द्याचं. त्या रात्री टाइप ३ चं टाइप २ झालं ते स्टॅटिक आयपीमुळे नाही. ते पोर्ट वळवल्यामुळे झालं. पत्ता पक्का लागतो तो एवढ्याचसाठी, की वळवलेलं पोर्ट उद्या भलत्याच यंत्राकडे जाऊ नये. नुसता पत्ता पक्का करून नॅटचा प्रकार बदलत नाही आणि गेम जोरात पळत तर मुळीच नाही. लॅग कमी करायचा असेल तर वाय-फाय सोडून केबल लावा. शिवाय बऱ्याच राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय असते. ती चालू असेल तर कन्सोल स्वतःच पोर्ट उघडून घेतो. घरातलं कुठलंही यंत्र असं दार उघडू शकतं, म्हणून काही जण ती बंद ठेवतात, तेही बरोबर आहे. पण निदान आधी बघा तरी.

आणि पत्ता पक्का करायचाच तर राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा. कन्सोलचा मॅक ॲड्रेस तिथे लिहायचा आणि त्याच्यापुढे नंबर. कन्सोलवर सगळं 'ऑटोमॅटिक'च ठेवायचं. म्हणजे काकांची खोली काकांचीच, पण मॅनेजरच्या वहीत नोंदवून. फक्त एक लक्षात ठेवा, वाय-फायचा मॅक वेगळा असतो आणि केबलचा वेगळा.

काही जण म्हणतील, आमचा राउटर कंपनीने कुलूप लावून दिलाय, रिझर्व्हेशनचं पानच दिसत नाही. मान्य. भाड्याच्या घरात तर हे नेहमीचंच. अशा वेळी हाताने टाकणं भाग आहे. पण मग राउटर कुठून कुठपर्यंत नंबर वाटतो ते विचारून घ्या आणि त्याच्या बाहेरचा नंबर घ्या.

आतेभावाकडे मात्र यातलं काहीच चाललं नाही. त्याच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ताच १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये सेवा कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. आपल्या राउटरला यातला पत्ता दिसला, की समजायचं, कंपनीने अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवली आहेत. कारण सरळ आहे. जुन्या पद्धतीत पत्ते साधारण ४२९ कोटीच, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. अशा ठिकाणी घरातल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट वळवा, अडवणारं दार आणखी एक मजला खाली असतं. तिथे कंपनीकडून पैसे देऊन सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो. त्यालाही 'स्टॅटिक आयपी'च म्हणतात! घरातला स्टॅटिक वेगळा आणि कंपनीचा वेगळा. सल्ला देणारे दोन्ही एकाच श्वासात सांगतात आणि ऐकणारा रविवार वाया घालवतो. म्हणून राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता कुठून सुरू होतो ते सगळ्यात आधी बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

असो. आईला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. काका आणि खोली नंबर २० सकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे टॅब चांगला होता."

"हो."

"आणि मीही बरोबर करत होते."

"हो, आई."

"मग ४०० रुपये दे."

दिले. आता राउटरच्या पाठीला एक कागद चिकटवला आहे, त्यावर कुठला नंबर कोणाचा ते लिहिलंय. बाबांनाही कळेल असं. पहिली ओळ आईच्या टॅबची आहे. प्लेस्टेशन सगळ्यात खाली.

उद्या रविवार आहे. तुम्हीही कधीतरी उत्साहाच्या भरात घरात असा एखादा नंबर टाकून ठेवला असेल, तर तो काढा. आणि घरात कुणी "मला जमत नाही" म्हणत असेल, तर नवीन टॅब घ्यायच्या आधी स्वतःची सेटिंग्ज बघा.