विश्लेषण : जुनी कार मध्येच बंद का पडते? दोष ‘ई-२०’चा की गाडीच्या वयाचा?

सिग्नलला गाडी बंद पडते, वीस मिनिटांनी काही झालेच नाही अशी सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की बंद पडण्याचे नाव घेत नाही. दहा-पंधरा वर्षे जुन्या पेट्रोल कारच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. मात्र २०२५पासून अशा प्रत्येक तक्रारीचे खापर ‘ई-२०’ पेट्रोलवर फुटू लागले आहे. त्यात तथ्य किती?

वाद काय आहे?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३०चे होते. ते २०२५-२६वर आणण्यात आले. फेब्रुवारी २०२३मध्ये ‘ई-२०’ची विक्री सुरू झाली आणि २०२५मध्ये देशातील बहुतेक पंपांवर तेच मिळू लागले. जुन्या गाड्यांची रचना मात्र साध्या किंवा १० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलसाठी झालेली आहे. साध्या पेट्रोलसाठी रचना आणि ‘ई-१०’साठी जुळणी केलेल्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता ‘ई-२०’मुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातील अंदाज होता. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये मान्य केले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात हा वाद गाडीपुरता राहत नाही, ते वेगळे.

पण मायलेज कमी होणे आणि गाडी बंद पडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

इथेनॉलमुळे गाडी बंद पडू शकते का?

हो, पण ठरावीक मार्गांनीच. इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. जुनी रबरी नळी फुगते किंवा तिला चिरा पडतात. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे वाढवावे लागते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे काम करतो, कार्ब्युरेटरच्या गाडीत ते आपोआप होत नाही.

चौथा मार्ग पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि पंप तेच खेचतो. पण अशी भेसळ लपत नाही. जून २०२५मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ गाड्या रतलामजवळ एकापाठोपाठ बंद पडल्या. तिथे डिझेलमध्ये पाणी होते, इथेनॉलचा संबंधच नव्हता. इंधन खराब असेल तर गाडी ते भरल्यावर लगेच कुरकुरते आणि त्याच पंपावरच्या इतर गाड्याही. तीन महिन्यांतून दोनदा बंद पडणाऱ्या गाडीचे दुखणे बहुधा दुसरेच असते.

मग बिघाड शोधायचा कसा?

बंद पडण्याची तऱ्हाच बरेच सांगून जाते. गाडी गिअरमध्ये धावत असताना आरपीएमचा काटा झटकन शून्यावर आला, तर पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर. इंजिनाचा फिरण्याचा वेग संगणकाला कळवणारा हा छोटा भाग जुना झाला की तापल्यावर त्याचा संपर्क तुटतो. थंड झाला की पुन्हा जुळतो. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी ‘बरी’ होते ती यामुळेच.

आधी आचके, चढावर दम लागणे आणि मग बंद, असे होत असेल तर फिल्टर किंवा इंधन पंप तपासावा. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. नेहमी दोनशे-तीनशेचे पेट्रोल भरून काटा लालवर ठेवणाऱ्यांचा पंप लवकर थकतो.

फक्त सिग्नलला, तेही एसी लावल्यावर बंद पडते? मग थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करण्यापासून सुरुवात करावी. हे सर्वांत स्वस्तातले काम आहे. खड्ड्यात आदळल्यावर डॅशबोर्डसकट सगळेच मालवत असेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा इग्निशन स्विच.

सीएनजी किट असलेल्या गाड्यांना एक फुकटची चाचणी उपलब्ध आहे. गाडी सीएनजीवरही तशीच बंद पडत असेल, तर पेट्रोल आणि त्याचा पंप दोन्ही निर्दोष. बिघाड सेन्सर, स्पार्क किंवा वायरिंगमध्ये शोधावा. फक्त पेट्रोलवरच पडत असेल तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा मार्ग तपासावा.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

‘मध्येच बंद पडते’ एवढेच सांगितले की आधी प्लग, मग कॉइल, मग पंप अशी बदलाबदली सुरू होते आणि बिल वाढत जाते. त्याऐवजी प्रत्येक वेळी मोबाइलमध्ये नोंद ठेवावी : इंजिन किती वेळ चालू होते, टाकीत पेट्रोल किती, एसी सुरू होता का, काटा कसा पडला, किती मिनिटांनी गाडी सुरू झाली. ओबीडी सॉकेट असलेल्या गाडीत स्कॅनर लावून साठलेले कोड वाचता येतात. बॅटरी काढली तर ते पुसले जाऊ शकतात, म्हणून आधी स्कॅन करावे. कोड मिळाला नाही म्हणजे सेन्सर चांगला, असेही नाही. गाडी बंद पडलेली असतानाच स्पार्क आणि इंधनाचा दाब यांपैकी काय गायब आहे, हे तपासणारा मेकॅनिक निम्मे काम तिथेच संपवतो.

एक्स्प्रेस-वेवर बंद पडली तर?

इंजिन थांबले की पॉवर स्टीअरिंग जड होते, पण वळते. ब्रेकला बूस्टरची मदत एक-दोन वेळाच मिळते. त्यामुळे पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच दाबून धरावे. चावी काढू नये, स्टीअरिंग लॉक होते. हॅझार्ड दिवे लावून, गाडी न्यूट्रलमध्ये डावीकडे आणावी आणि प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करावे. पुन्हा स्टार्टर मारण्याचा प्रयत्न त्यानंतर.